पहिला गुरू, बेवारस

पोराची चप्पल एकाच पायातून सुटत होती. ओपीडीच्या दारापासून माझ्या टेबलापर्यंत दहा-बारा पावलं, तेवढ्यात ती दोनदा सुटली. आजी मागून येत होती. दोन्ही वेळा तिने वाकून चप्पल उचलली, त्याच्या पायात सरकवली आणि काही न बोलता त्याला पुढे ढकललं. म्हणजे हे रोजचं होतं.

मी तलासरी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडचं वर्ष काढतेय. सरकारी कॉलेजात एमबीबीएस केलं की एक वर्ष सरकार पाठवेल तिथे काम करायचं, तो बाँड. माझे अर्धे मित्र या वर्षाला शिक्षा म्हणतात आणि पीजीच्या अभ्यासासाठी रजा मोजत बसतात. मीही मोजते, खोटं कशाला बोलू.

"टाचेवर चाल बघू," मी पोराला म्हटलं. उजवी टाच टेकली, पुढचं पाऊल वर आलं. डाव्या पायाचा पंजा खालीच लोंबत राहिला. याला फूट ड्रॉप म्हणतात. पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंना हुकूमच पोहोचत नाही.

चार महिन्यांपूर्वी त्याला ताप आला होता. जवळपास येणाऱ्या कुणा डॉक्टरने, म्हणजे ज्याला तिथले लोक डॉक्टर म्हणतात त्याने, कमरेवर सुई दिली. सुई टोचताक्षणी पोरगं किंचाळलं, पायातून वीज गेली म्हणाला. ताप दोन दिवसांत गेला आणि पाय असा झाला. आजीच्या मते तापाने पाय नेला. सुईचा तिला संशयही नव्हता. उलट जाताना तिने विचारलं, "मॅडम, सुई नाय देत का?"

इथे थोडी शरीररचना सांगावी लागेल. उपयोगाची आहे, कारण तुमच्या घरातही कुणाला ना कुणाला कमरेत इंजेक्शन बसतंच. एका कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा, एक उभी रेघ आणि एक आडवी. सुई द्यायची ती वरच्या, बाहेरच्या चौकोनात. बाकी ठिकाणी नाही, कारण खालून सायटिक नर्व्ह जाते. ही शरीरातली सगळ्यात जाड नस, जवळजवळ अंगठ्याएवढी. ती कमरेच्या हाडातल्या एका खिडकीतून पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून बाहेर पडते आणि मांडीच्या मागून खाली उतरते. पुढे तिचे दोन फाटे होतात. त्यातला बाहेरचा फाटा पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंकडे जातो. सुईने नसेला इजा झाली तर बहुतेक वेळा हाच फाटा जास्त मार खातो, कारण तो बाहेरच्या अंगाला असतो आणि त्याच्या तंतूंना भोवती गादीही कमी असते. हडकुळ्या मुलात तर मांस इतकं कमी की चार चौकोन आखायलाही जागा उरत नाही. म्हणून तान्ह्या बाळाची लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. आमच्या सिस्टर हे झोपेतसुद्धा चुकत नाहीत.

आमच्या केंद्राच्या भिंतीवर वारली चित्र काढलंय, त्यात एक नर्स बाळाला सुई देतेय. वारली माणूस म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक जोडलेले, वर एक गोल. जिव्या सोमा मशे याच डहाणू तालुक्यातले. गंजाडजवळच्या पाड्यावर राहून त्यांनी हे दोन त्रिकोण जगभर नेले. त्या भिंतीवरच्या माणसाला कुल्लाच नाही, दोन त्रिकोण जिथे भेटतात तिथे फक्त एक बिंदू आहे. सुई द्यायची कुठे, असा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडलाय. असो.

आजी गेल्यावर मला आठवत राहिली ती मी पहिल्यांदा बोटांत धरलेली सायटिक नर्व्ह. आणि जिच्याबद्दल मला हा लेख लिहायचाय ती गोष्ट तिथेच सुरू होते.

*

२०१९ चा ऑगस्ट. नवा अभ्यासक्रम आमच्याच बॅचपासून सुरू झाला होता. त्यात मृतदेह आदराने हाताळणं हीसुद्धा शिकण्याची एक गोष्ट म्हणून लिहिलेली होती. पहिल्या दिवशी डिसेक्शन हॉलमध्ये आम्हाला रांगेत उभं करून शपथ वाचायला लावली. आपण आमचे पहिले गुरू, आपल्या देहाचा आम्ही सन्मान राखू, वगैरे. फॉर्मलिनने डोळे झोंबत होते, त्यामुळे शपथ घेताना सगळा वर्ग रडतोय असं दिसत होतं. फोटो छान आला असता.

आमच्या टेबलाला वीस जण. टेबलावर एक पुरुष, वय चाळीस-पन्नास, हाडापेराने मोठा, पोट आत गेलेलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला 'मामा' म्हणायला लागलं. "मामाच्या टेबलावर भेटू", "आज मामा वास मारतोय". मीही म्हणायचे. पाठ्यपुस्तकाचं पान फॉर्मलिनच्या हाताने उलटायचं म्हणून चौरासियाची जुनी, कुणा सीनियरने विकलेली प्रत होती, तिच्यावर डाग पडायचे, त्या डागांनाही आम्ही मामाची सही म्हणायचो. भीतीवर हसणं हा उपाय आहे, सगळीकडच्या मेडिकल स्टुडंट्सचा. मी त्याचं फार पाप मानत नाही.

मी ज्याचं पाप मानते ते वेगळं आहे. मामाच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, गोंदलेलं होतं. नाव होतं. पहिलं अक्षर स्पष्ट, शेवटचं स्पष्ट, मधलं फॉर्मलिनने सुरकुतून गेलेलं. तीन अक्षरी, बहुतेक बाईचं. बायकोचं, बहिणीचं, मुलीचं, कुणास ठाऊक. जत्रेत गोंदवतात तसं हिरवट, थोडं वाकडं.

हाताचं डिसेक्शन करताना पहिलं काम म्हणजे कातडी सोलून काढणं. त्या दिवशी स्कालपेल माझ्या हातात होतं. अक्षरांच्या वरून मी छेद घेतला, कातडी बाजूला केली, खालच्या शिरा दिसायला लागल्या. मी खूश झाले, कारण रक्त घेण्यासाठी सुई जिथे टोचतात ती कोपरातली शीर मला न तोडता सापडली होती. सर शाबास म्हणाले. कातडीचा तुकडा टेबलाखालच्या बादलीत गेला. नावासकट.

हे तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. दोन महिन्यांनी आम्ही त्याला पालथं केलं आणि कुल्ल्याचा मोठा स्नायू कापून उलटवला. खाली ती पांढरी, जाड दोरी. मी ती दोन बोटांत धरली. ओल्या सुतळीसारखी लागते, खेचली तर ताणते. आजही कुणाच्या कमरेला हात लावला की बोटांना ती आठवते.

*

मामा तिथे आला कसा? या प्रश्नाचं उत्तर कायद्यात आहे. आपल्याकडे १९४९ चा मुंबईचा शरीरशास्त्र कायदा आहे, आता महाराष्ट्राच्या नावाने चालतो. ज्या मृतदेहावर कुणी हक्क सांगत नाही तो वैद्यकीय महाविद्यालयाला शिकवण्यासाठी देता यावा, हा त्याचा मूळ उद्देश. देहदानाच्या चळवळीने पुढे चित्र थोडं बदललं, शहरातल्या काही कॉलेजांत आता दान केलेले देह बऱ्यापैकी येतात. पण कायद्याचा जन्म बेवारस देहासाठी झाला. आणि सार्वजनिक जागी मेलेला बेवारस माणूस म्हणजे कोण, तर जिथे मरण आलं त्या भागात ज्याचं कायमचं घर नाही असा.

हे वाक्य मी बाँडवर आल्यानंतर पुन्हा वाचलं आणि थांबले. जिथे मरण आलं तिथे घर नाही. इथल्या पाड्यांवर दिवाळीनंतर जाऊन बघा. घरांना कड्या लावलेल्या असतात. भात झोडून झालं की माणसं वीटभट्टीवर जातात, वसई, भिवंडी, पार पुढेपर्यंत. काही जण बोटीवर जातात. पोरबंदर, वेरावळ, ओखा इथल्या मच्छीमार बोटींवर डहाणू-तलासरीचे कितीतरी खलाशी असतात. त्या पोराचा बापही बोटीवरच आहे. कुठल्या बंदरात, हे आजीला माहीत नाही. "पावसात येईल," म्हणाली. पावसाळ्यात मासेमारी बंद होते, तेव्हा माणसं घरी येतात. त्या आधी तो कुठे असतो याला तिच्याकडे एकच शब्द आहे, 'गुजरात'.

यातल्या काही बोटी समुद्रातली न दिसणारी रेघ ओलांडतात आणि खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. २०२४ साली कराचीच्या तुरुंगात डहाणू तालुक्यातला एक खलाशी वारला. त्याचा देह घरी यायला महिन्याहून अधिक काळ लागला. दोन देशांची सरकारं, वाघा-अटारीची सीमा, तिथून गाव. पण आला. कारण तो कैदी होता, त्याची नोंद होती, आणि एका सरकारने दुसऱ्या सरकारला त्याचं नाव सांगितलं होतं. तोच माणूस वेरावळच्या धक्क्यावर किंवा मुंबईच्या एखाद्या पुलाखाली ताप येऊन मेला असता आणि खिशात कागद नसता, तर? शत्रूच्या तुरुंगात मेलेल्याला घर मिळतं आणि आपल्याच रस्त्यावर मेलेला बेवारस होतो, हा हिशेब मला अजून नीट पचत नाही.

बेवारस या शब्दात एक खोटं आहे. त्यातून असा अर्थ निघतो की याला कुणी नव्हतं. हातावर नाव गोंदवून घेणाऱ्या माणसाला कुणीच नव्हतं? होतं. ठरलेल्या मुदतीत ते कुणी शवागाराच्या दारात पोहोचलं नाही, एवढंच. बेवारस मृतदेहाच्या पंचनाम्यात अंगावरच्या खुणा लिहितात, तीळ, व्रण, गोंदण. म्हणजे ते नाव माझ्याआधी कुणीतरी कागदावर उतरवलं असणार. ते नाव वाचू शकणारं माणूस मात्र शंभर-दोनशे किलोमीटर लांब, बहुतेक निरक्षर, 'पावसात येईल' म्हणत बसलेलं असणार.

*

यावर ठरलेलं उत्तर असं: मेलेल्याला काय कळतं? जिवंतांचा फायदा होतो ना? हे उत्तर हलकं नाही. सुश्रुतसंहितेतही शल्यविद्या शिकणाऱ्याने मृतदेह वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवून, मऊ झाल्यावर थर थर सोलून बघावा, असं सांगितलंय. त्याशिवाय ज्ञान पुरं होत नाही. १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी नव्या पद्धतीच्या शिक्षणात शवविच्छेदन केलं तेव्हा जातीचा केवढा गहजब झाला असेल. ती हिंमत झाली नसती तर आपण कुठे असतो?

पण हा फायदा कुणाच्या अंगावरून निघाला ते बघायला हवं. एडिंबरामध्ये १८२८ साली बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसं मारली आणि त्यांचे देह शरीररचना शिकवणाऱ्या डॉक्टर नॉक्सना विकले. मारलेली बहुतेक गरीब, एकटी, 'कुणी विचारायला येणार नाही' अशी. बर्क फाशी गेला आणि शिक्षा म्हणून त्याचंच विच्छेदन झालं. त्याचा सांगाडा अजून तिथल्या म्युझियममध्ये आहे. मग इंग्लंडने १८३२ मध्ये कायदा केला की आता चोऱ्या-खून नकोत, अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसमध्ये मरणारे, ज्यांना न्यायला कुणी येत नाही असे देह घ्या. खून थांबले. देह मात्र त्याच लोकांचे राहिले. गंमत म्हणजे त्याच वर्षी जूनमध्ये जेरेमी बेंथम हा तत्त्वज्ञ वारला, त्याने आपला देह स्वतःहून विच्छेदनाला दिला होता. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, हे त्याचं तत्त्वज्ञान. निदान त्याने हिशेब स्वतःपासून सुरू केला. आमच्या वर्गात दोनशे जण होतो. देहदानाचा फॉर्म भरलेला मला माहीत असलेला एकही नाही. माझा फॉर्म दोन वर्षं बॅगेत आहे. शेवटी देह सोपवायचा तो घरच्यांनीच, त्यांची तयारी नसेल तर तो नुसता कागद. आई म्हणते, "माझ्या डोळ्यांसमोर असलं बोलू नकोस." मी पुढे रेटत नाही. म्हणजे आम्हाला स्वतःच्या देहाबद्दल 'नको' म्हणायची मुभा आहे, मामाला नव्हती.

आणि हाडं? पहिल्या वर्षी सीनियरकडून घेतलेली बोन सेटची पिशवी मी हॉस्टेलच्या कॉटखाली ठेवायचे. ती कुणाची, हे ना सीनियरला माहीत, ना त्याच्या सीनियरला. १९८५ मध्ये सरकारने बंदी घालेपर्यंत भारत हा जगातला सगळ्यात मोठा सांगाडे निर्यात करणारा देश होता. जगभरच्या डॉक्टरांनी मांडीचं हाड शिकलं ते बहुतेक आपल्याकडच्या कुणा गरिबाचं.

या तालुक्यात बसून हे लिहिताना आणखी एक गोष्ट टाळता येत नाही. मे १९४५ मध्ये आताच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं की यापुढे वेठबिगार करायची नाही. वेठबिगार म्हणजे जमीनदार बोलावेल तेव्हा फुकट राबायचं. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं जमीनदाराचे 'लग्नगडी' व्हायचे, कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा मरेपर्यंत. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सगळं आहे. ती लढाई जमिनीची होती, मजुरीची होती, पण मुळात ती 'माझं अंग माझं आहे' याची होती. जिवंतपणी ज्यांनी हे मिळवलं, त्यांच्या नातवंडांनी ते मेल्यावर परत का गमवावं?

*

इथे मी स्वतःशीच भांडते. कारण त्या पोराचा पाय समोर आहे. त्या पायाची वाट लावली ती अज्ञानाने. ज्याने सुई मारली त्याला खाली काय आहे हे ठाऊक नव्हतं. बेवारस देह वापरायचे नाहीत असं उद्या ठरलं आणि कॉलेजांत देह कमी पडले, तर कमी शिकलेले डॉक्टर कुठे पाठवले जातील? दक्षिण मुंबईत नक्कीच नाही. इथेच. म्हणजे मामासारख्यांचा मान राखायला गेलो तर त्याची किंमत पुन्हा मामासारख्यांच्याच पोरांनी मोजायची.

बरेच दिवस हा युक्तिवाद मला पक्का वाटायचा. मग एका सकाळी लसीकरणाच्या दिवशी आमच्या सिस्टरकडे बघत होते. तिने आयुष्यात डिसेक्शन केलेलं नाही. तिला चार चौकोन शिकवले ते चित्रावर आणि रबरी मॉडेलवर. तिने हजारो सुया दिल्यात आणि एकाही पोराची चप्पल सुटलेली नाही. मग मामाची सायटिक नर्व्ह मी बोटांत धरली त्यातून त्या पोराला नेमकं काय मिळालं? खरं उत्तर द्यायचं तर, सुईपुरतं काहीच नाही. सर्जनला लागतं, नस जोडणाऱ्याला लागतं, छातीत नळी घालणाऱ्याला लागतं, ते मी नाकारत नाही. पण 'गरिबाच्या देहावर शिकलो म्हणून गरिबाचा पाय वाचला' ही जी गोड गोष्ट आम्ही स्वतःला सांगतो, ती या पोराच्या बाबतीत तरी खरी नाही. ज्याने पाय घालवला त्याला डिसेक्शनची नाही, सिस्टरएवढ्या ट्रेनिंगची गरज होती. आणि सुई नको म्हणायची. तापाला गोळी पुरली असती.

शिवाय परतफेड कुठे होते? माझ्या बॅचचे किती जण अशा तालुक्यांत राहतील? मी राहीन का? डहाणू तालुक्यात सासवंदला आता खासगी मेडिकल कॉलेज आहे, पण मोठी तपासणी निघाली की आमचे पेशंट अजून वलसाड नाहीतर सिल्वासा गाठतात, म्हणजे एक दुसरं राज्य आणि एक केंद्रशासित प्रदेश. पोराच्या नसेची तपासणी करायला मी चिठ्ठी दिली तीही तिकडचीच.

*

ज्या प्रश्नाने मला थोडी वाट दाखवली तो नसांच्याच सर्जनने विचारलेला आहे, म्हणून सांगते. व्हिएन्नात एडुआर्ड पेर्नकॉफ नावाचा शरीरशास्त्रज्ञ होता, कट्टर नाझी. १९३८ मध्ये तो तिथल्या वैद्यकीय शाखेचा प्रमुख झाला. त्याच्या ॲटलसइतकी बारीक चित्रं दुसरीकडे मिळणं कठीण. काही चित्रांवर चित्रकाराने सहीबरोबर स्वस्तिक काढलंय. पुढे विद्यापीठानेच चौकशी केली, तेव्हा नाझी काळात मृत्युदंड दिलेल्या किमान १,३७७ जणांचे देह त्या संस्थेत आल्याचं निघालं. छपाई केव्हाच बंद झालीय. पण अमेरिकेतल्या सुझन मॅकिनन या नसांच्या सर्जन ऑपरेशनच्या वेळी हे पुस्तक वापरत, कारण बारीक नसा इतक्या स्पष्ट दुसरीकडे दिसत नाहीत. वापरावं का, हा प्रश्न शेवटी रब्बी जोसेफ पोलॅक यांच्यापर्यंत गेला. ते स्वतः लहानपणी छळछावणीतून वाचलेले. २०१८ मध्ये त्यांनी उत्तर दिलं: जीव वाचवण्यासाठी वापरा, पण चित्रं कुठून आली ते लपवू नका, पेशंटला सांगा.

मामा नाझींनी मारलेला नव्हता. तुलना तेवढ्यापुरतीच. पण 'सांगा' ही अट मला चिकटली. कारण आम्ही सांगत नाही. 'पहिला गुरू' म्हणतो, फुलं वाहतो, आणि गुरूचं नाव विचारत नाही. तैवानमध्ये हुआलिएनच्या त्झू ची विद्यापीठात देह दिलेल्या माणसाच्या घरी विद्यार्थी जाऊन येतात, तो कोण होता, काय करायचा हे ऐकतात, त्याचं नाव टेबलापाशी असतं, आणि शेवटी अंत्यविधीला शवपेटी विद्यार्थीच उचलतात. तिथे सगळे देह दान केलेले असतात म्हणून हे जमतं, हे खरं. पण आमच्याकडे निदान तीन अक्षरं होती. मधलं अक्षर मी चाचपून बघितलं असतं, वहीत लिहून ठेवलं असतं, तर काही बिघडलं नसतं. त्याचा उपयोग काय, असं विचाराल तर मला सांगता येणार नाही. मी हाडांच्या दोनशे सहा नावांचा उपयोगही त्या वेळी विचारला नव्हता, पाठ केली होती.

*

आजी पंधरा दिवसांनी परत आली. वलसाडला गेली नव्हती. जायचं म्हणजे एका मजुरीचा दिवस बुडतो, भाडं, आणि तिथली माणसं कुठल्या खिडकीत उभं करतात ते कळत नाही. मी म्हटलं, नस रोज जेमतेम एक मिलिमीटर वाढते, ती कमरेपासून पायापर्यंत पोहोचायला महिनेच्या महिने लागतात, कदाचित पुरती पोहोचणारही नाही, तोवर पाऊल उचलून धरणारी प्लास्टिकची पट्टी घालू, व्यायाम शिकवते. तिने विचारलं, "आत नस आहे हे तुम्हाला कसं कळतं? दिसत तर नाय."

ओपीडीत तेव्हा गर्दी नव्हती. मी सांगितलं. आशाताई शेजारी बसली होती, जिथे माझे शब्द अडले तिथे तिने वारलीत सांगितलं. मेलेल्या माणसावर शिकतो, म्हटलं. ज्याला न्यायला कुणी आलं नाही अशा एका माणसावर. त्याची ही नस मी हातात धरून बघितली. हातावर नाव होतं तेही सांगितलं. बादलीचं सांगितलं नाही.

मला वाटलं होतं ती घाबरेल, पोराला घेऊन उठेल. ती आशाताईशी काहीतरी बोलली. आशाताई थोडी हसली, मग हसणं थांबलं. म्हणाली, "ती विचारते, मग त्याला शेवटी जाळलं का?"

मला माहीत नव्हतं. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे कॉलेज बंद झालं. आमचं डोकं-मान अर्धं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पूर्ण करू म्हणून मी त्याच्या तोंडावर ओलं फडकं टाकलं आणि निघाले. उरलेली शरीररचना आम्ही घरी बसून मोबाईलवर बघितली. परत आलो तेव्हा टेबल धुऊन कोरडं होतं, वर दुसऱ्या बॅचच्या पिशव्या. मी विचारलंच नाही. दुसऱ्या वर्षाचा अभ्यास सुरू झाला होता.

"विचारून सांगते," मी म्हटलं. आजीने मान हलवली, जणू मी औषध उद्या येईल म्हणाले.

माझी एक मैत्रीण आता त्याच कॉलेजात शरीररचनेची ट्यूटर आहे. तिला त्या रात्री मेसेज केला. २०१९ ची बॅच, खिडकीकडून तिसरं टेबल, पुरुष, डाव्या हातावर गोंदण. तिने आधी एक प्रश्नचिन्ह पाठवलं. मग फोन केला, बरी आहेस ना, म्हणाली. मग म्हणाली, रजिस्टर असतं, कुठल्या पोलीस स्टेशनचा देह, कधी आला, कधी विल्हेवाट लागली, सगळं असायला हवं, बघते. नंतर तिची परीक्षा आली, माझ्याकडे डेंग्यूचे पेशंट वाढले.

काल पोरगं पट्टी घालून आलं. चप्पल आता त्यात बसत नाही, म्हणून त्या पायात आजीने बापाचा जुना बूट घातलाय, पुढे कापड कोंबून. तो दारापासून टेबलापर्यंत न थांबता आला. आजी मागे होती. माझ्या समोरच्या बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि पोराच्या पायाबद्दल काही विचारण्याआधी म्हणाली, "कळलं का त्याचं?"